चौरंग केवढ्याला?

अगं, चौरंगाचा फोटो बघितला. कोपरे नेटके जुळलेत, पायांचा उतारही छान साधलास. पण खाली जे लिहिलंयस ते वाचून राहवेना: "ताई, खालच्या मजल्यावरच्या काकूंना विकत हवाय. लाकडाचे पैसे सुटले तरी पुरे, छंदच तर आहे माझा." चहा करून घे आणि निवांत वाच. थोडं लांबण लागणार आहे.

आधी मला सांग, रंधा धरायला तू शिकलीस कुणाकडून? घरचं किचन करायला आलेल्या त्या मिस्त्रीकाकांकडूनच ना? दुपारी डबा खाऊन ते पटाशीला धार लावायचे आणि तू शेजारी बसून बघायचीस. त्या काकांचं घर हजेरीवर चालतं. काम असेल तर पैसे, नसेल तर घरी. आता तू सागवानी चौरंग दोन हजारांना दिलास, की काकू तो हळदीकुंकवाला चारजणींना दाखवणार. त्यातली एखादी पुढच्या वेळी मिस्त्रीकाकांना म्हणणार, "आमच्या सोसायटीतली मुलगी दोन हजारांत करून देते, तुम्ही पाच कसे मागता?" तुझा पगार एक तारखेला खात्यात जमा होतो म्हणून तुला दोन हजार परवडतात. त्यांना नाही परवडत. हौसेनं करणाऱ्यानं पोटासाठी करणाऱ्याचा भाव पाडू नये, हे एक पथ्य मी पाळते आणि तूही पाळावंस असं मला वाटतं. बाकीचं गणित त्यातूनच निघतं.

म्हणजे तुझ्या कामाच्या दिवसाचा भाव तुमच्या भागातल्या मिस्त्रीच्या हजेरीखाली जाता कामा नये. पण याला दुसरी बाजूही आहे बरं का. चौरंगाला तुझे तीन रविवार गेले म्हणून तीन हजेऱ्या लावायला जाऊ नकोस. एक पट्टी आखूड कापली गेली, एक कुसू सैल झालं, पॉलिश खरवडून पुन्हा मारावं लागलं, हे सगळं तुझं शिकणं आहे. त्याची फी गिऱ्हाइकानं का भरावी? तेव्हा हजेरीचा दर मिस्त्रीचा आणि वेळही मिस्त्रीला लागला असता तेवढाच.

तो वेळ कसा कळणार? सरळ काकांना विचार. त्यात कमीपणा नाही, उलट त्यांना बरं वाटतं. आमच्याकडचे मिस्त्री आणलेली वस्तू वरून बघतच नाहीत, आधी उलटी करतात. पाय आणि पट्टी जिथे मिळते तिथून अंगठ्याचं नख फिरवतात. नख अडकलं तर नुसतं "हं" म्हणतात, आणि त्या "हं"मध्ये सगळं येतं. मग कानावरची पेन्सिल काढून त्याच सांध्यावर टेकवतात, "खाच-कुसू आहे का नुसता स्क्रू?" असं विचारतात आणि निकाल देऊन टाकतात: "पॉलिश धरून दीड हजेरी." झालं. तुझे तीन रविवार काही का असेनात, हिशेबात दीड दिवस.

आता लाकडाकडे येऊ. वखारीत घनफूट काढायची रीत तुला माहीत असेलच, तरी एकदा सांगते: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार, भागिले १४४. तुझा चौरंग १८ बाय १८ इंच, उंची साधारण १० इंच. वरची फळी इंचभर जाडीची धरली तर दीड गुणिले १८ गुणिले १ म्हणजे २७, भागिले १४४, म्हणजे ०.१९ घनफूट. दोन बाय दोनचे, दहा इंची चार पाय मिळून ०.०९. खालच्या चार पट्ट्या, प्रत्येकी १४ इंच लांब आणि ३ इंच रुंद, त्यांचे ०.१०. बेरीज ०.३८. पण ०.३८ घनफूट लाकूड आणून हा चौरंग होत नाही. वखारीत इंचभर म्हणून मोजलेली फळी रंधा फिरवून सपाट करेपर्यंत पाऊण इंच उरते, टोकाला चीर असते ती कापावी लागते, नेमकी नको तिथे गाठ निघते. अर्धा घनफूट धर. गिऱ्हाइकाला दिसतं ते तयार लाकूड, पैसे मात्र आपण भुशाचेही मोजलेले असतात.

सागवानाचा भाव प्रतीप्रमाणे इतका खालीवर होतो, की मी इथे सांगितलेला आकडा समजण्यापुरताच धर, तुझ्या वखारीचा भाव तू घाल. समज, घनफुटाला ४,००० रुपये. लाकूड झालं २,०००चं. हजेरी समज १,१००, दीड दिवसाचे १,६५०. पॉलिशचं सामान ३५०. फेव्हिकॉल, पॉलिश पेपर वगैरे १५०. वीज, करवतीच्या पात्याला लावलेली धार आणि हत्यारांची झीज मिळून २००. हे झाले ४,३५०. यात अजून तुझा नफा एक रुपयाही नाही हे लक्षात घे, हा नुसता खर्च. त्यावर ६५० चढव आणि ५,००० म्हण.

हे ६५० कसले, असं मनात येईल. एखादी वस्तू पोहोचवताना घासली जाते, एखादी पडून राहते. आणि पहिल्या पावसाळ्यात गिऱ्हाइकाच्या घरी एक फेरी होतेच होते. लाकूड हवेतला दमटपणा घेऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. चौरंगाला त्याचं फारसं काही नाही, पण ड्रॉवरवालं काही केलंस, तर मे महिन्यात लोण्यासारखा सरकणारा ड्रॉवर जुलैत हटून बसतो. मग फोन येतो, "अहो, तुमचं टेबल फुगलं." रंधा घेऊन जायचं, दोन हात मारायचे, चहा पिऊन यायचं. ही फेरी मी भावात आधीच धरलेली असते, म्हणून मग हसतमुखानं जाता येतं. वस्तू देतानाच सांगून ठेवायचं, की पावसाळ्यात जरा जड जाईल, कळवा, मी येऊन बघेन. आधी सांगितलं तर ती माहिती ठरते, नंतर सांगितलं तर सबब वाटते.

पाच हजार ऐकून काकू म्हणणार, "अय्या, ऑनलाइन तर पाव भावात मिळतो!" मिळतो की. तो बहुतेक एमडीएफचा नाहीतर रबरवुडचा असतो आणि त्यावर 'शीशम फिनिश' असं लिहिलेलं असतं. ते फिनिश म्हणजे नुसता रंग असतो गं, शिसवीचा त्याच्याशी काही संबंध नसतो. तू काकूंशी वाद घालू नकोस. "हो, तोही चांगला आहे, पूजेपुरता चालेल," एवढं म्हण. ज्यांना तो पुरतो त्यांनी तोच घ्यावा, यात आपला अपमान नाही. आपलं गिऱ्हाईक वेगळं. प्रदर्शनात स्टूल उचलून वजन बघणारी, उलटं करून "हे प्लाय नाही ना?" विचारणारी, बोटाच्या पेरानं टकटक करणारी बाई दिसली की तिच्याशी बोल. ती भाव ऐकून दचकणार नाही. दचकली तरी परत येईल.

भाव कमी करायचाच असेल तर मजुरीत कापू नकोस, लाकूड बदल. आंबा घे, बाभूळ घे, मालाच्या खोक्यांचं पाईन मिळतं ते घे. फक्त आंबा आणि रबरवुड यांना कीड लवकर लागते, खाली पिठासारखी पूड पडायला लागते. तेव्हा बोरॅक्सची प्रक्रिया केलेलंच लाकूड घे, आणि सागातही सालाकडचं पांढरट लाकूड टाळून गाभ्याचं घे. कोकणातलं कुणी ओळखीचं असेल तर फणसाचं बघ. पिवळाधमक रंग असतो आणि वर्षागणिक गडद होत जातो. मला तो सागापेक्षा आवडतो, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी 'सागवान'च असतं, काय करणार.

जुन्या वाड्यांच्या लाकडाचा मोह तुला होईलच. पुण्यात वाडे पडले की तुळया आणि चौकटी बाजारात येतात. साग इतका मुरलेला असतो, की नवा त्याच्यापुढे फिका पडतो. भावही कमी. पण एकेका तुळईत किती खिळे गाडलेले असतात ते वर्षानुवर्षांचा रंग खरवडल्याशिवाय दिसत नाही, आणि एक खिळा राहिला तरी मशीनच्या रंध्याचं पातं गेलं. त्या लाकडाला किंमत कमी आणि हजेरी जास्त, असा उलटा हिशेब मांडायचा. "जुनं लाकूड आहे म्हणून स्वस्तात द्या" म्हणणाऱ्याला हसून नाही म्हणायचं. आणि गावाकडचं कुणी "आमच्या बांधावरचा साग तोडून आणून देतो" म्हणालं, तर आधी परवान्याचं विचार. आपल्या राज्यात स्वतःच्या शेतातला साग असला तरी तोडायला आणि वाहून न्यायला वनखात्याची परवानगी लागते.

नावाच्या बाबतीत मी फार कडक आहे. वर सागाचं विनियर आणि आत प्लाय असेल तर 'सागवानी' म्हणायचं नाही. बल्लारशाचा साग नसेल तर बल्लारशाचा म्हणायचं नाही. २०२३मध्ये अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठी तिथलं लाकूड गेलं, तेव्हापासून मला भेटणारा प्रत्येक वखारवाला सगळंच लाकूड बल्लारशाचं सांगतो. तू बिल माग. बिलावर जे लिहिलं असेल तेच गिऱ्हाइकाला सांग.

आता तुझी खरी अडचण. हिशेब तुला जमतो गं, तू बँकेतच आहेस. तुला जमत नाही ते तोंडानं आकडा उच्चारणं. "पाच हजार" म्हणतानाच तू पुढे जोडतेस, "म्हणजे तसे साडेचार चालतील, तुम्हाला म्हणून चार..." समोरच्यानं अजून तोंडही उघडलेलं नसतं! भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. ती शांतता तुला फार मोठी वाटेल. समोरची बाई तेवढ्या वेळात नुसता विचार करत असते, ती रागावलेली नसते. "शेवटचं किती?" असं आलं की, "हाच शेवटचा, पण आंब्याच्या लाकडात केला तर कमी होईल," असं म्हण. घासाघीस करायला आवडणाऱ्यांना पर्याय दिला की पुरतो. आणि कुणी "मिस्टर करतात का हे?" विचारलं तर चिडू नकोस. "नाही, मीच करते. मापं काय घेऊ?" म्हणून टेप काढ.

नातेवाइकांचं मात्र वेगळं प्रकरण. इथे अर्धवट काही ठेवायचं नाही. भाचीच्या लग्नात द्यायचाय? मग अहेर म्हणून दे, एक पैसा घेऊ नकोस, कार्ड लावून मिरवत दे. विकायचाय? मग पूर्ण भाव घे. "आपल्यातच आहे, लाकडाचे तेवढे घे" हा मधला मार्ग सगळ्यात वाईट, कारण त्यात तुझे कष्ट जातात आणि समोरच्याला वाटतं आपण पैसे देऊन घेतलं. वर हक्कानं तक्रारीही येतात, "पॉलिश जरा फिकं झालं नाही का?" अहेराच्या वस्तूला असं कुणी बोलत नाही. वर्षाला किती वस्तू फुकट द्यायच्या ते मनाशी ठरवून ठेव, तेवढ्या आनंदानं दे. तो आकडा संपला की पुढच्या मावसबहिणीला, "या वर्षीच्या भेटी संपल्या गं," असं सरळ सांगता येतं.

ऑर्डर घेतलीस की एक मेसेज लिहून पाठव: माप, लाकूड, रंग, कधी देणार, वाहतूक कुणाची. त्यांचं "ठीक आहे" आलं की निम्मी रक्कम अ‍ॅडव्हान्स. तोंडी ठरवलेल्या १८ इंचांचे वस्तू तयार होईपर्यंत २१ इंच होतात, हा माझा पक्का अनुभव. अमक्या कोनाड्यात बसेल अशा मापानं मागितलेली वस्तू दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणून तिथे अ‍ॅडव्हान्सशिवाय करवत लावायची नाही. वाहतूक नेहमी वेगळी सांग. टेम्पोचं भाडं, हमाली, वरचा मजला. आणि काही मोठं करायच्या आधी त्यांच्या लिफ्टचं आणि जिन्याच्या वळणाचं माप घे. डायनिंग टेबल जिन्यात अडकलं की गिऱ्हाईक दाराकडे बघत नाही, आपल्याकडे बघतं.

पैसे घेऊन काय करायचं नाही तेही ठरव. मी बाळाचा पाळणा करत नाही, कड्यांवर टांगायचा झोपाळा करत नाही, वर-खाली झोपायचे पलंग करत नाही. तुटलं तर माणूस पडतं, आणि छतातल्या हुकाची जबाबदारी आपली नाही हे त्या वेळी कुणी ऐकून घेत नाही. पोळपाट जरूर कर, पण त्यावर मेलामाइन मारू नकोस. कणीक थेट त्यावर लाटली जाणार आहे. गुळगुळीत घासून तसाच दे.

प्रदर्शनाचं विचारलं होतंस. भीमथडीसारख्या जत्रेत गर्दी बघून भुरळ पडते. आधी कागदावर मांड: स्टॉलचं भाडं समज ६,००० रुपये आणि एका चौरंगामागे तुझे सुटतात ६५०. म्हणजे नुसतं भाडं निघायला दहा चौरंग विकले गेले पाहिजेत. टेम्पो आणि तुझी रजा वेगळी. दहा चौरंग तू वर्षात तरी करणार आहेस का? म्हणून स्टॉलवर मोठी वस्तू एकच ठेवायची, ऑर्डर घेण्यासाठी. विकायला न्यायच्या त्या पोळपाट, उलथणी, किल्ल्यांची खुंटाळी, फोनचे स्टँड. उरलेल्या तुकड्यांतून होतात, लाकडाचे पैसे चौरंगातच वसूल झालेले असतात, आणि पिशवीत टाकून नेता येतात. दोन-तीन मैत्रिणी मिळून एक स्टॉल घेतलात तर उत्तम. एकसारख्या चार वस्तू एकदम करायची सवयही याच निमित्तानं लाव. करवतीला एकदा माप लावलं की चार स्टुलांचे सोळा पाय एका बैठकीत निघतात, आणि तुझा वेळ मिस्त्रीच्या वेळाजवळ यायला लागतो.

कराचं थोडक्यात. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही. तू त्याच्या जवळपासही नाहीस. पण नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावायचा नाही, आणि लाकडावर भरलेला कर परतही मिळत नाही. तो किमतीतच धर. राज्याबाहेर माल पाठवायला लागलीस की नियम बदलतात, तेव्हा सीएला गाठ. मिळालेले पैसे प्राप्तिकराच्या विवरणात दाखवायचे, छंदाचे असले तरी. अमेरिकेतल्या वहिनींना शिसवीचं काही पाठवायचं मनात आलं तर थांब. शिसवीच्या जातीवर २०१७पासून आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, कागदपत्रांची विचारपूस केल्याशिवाय ते पार्सल करू नकोस. त्यांना साग चालेल.

हिशेबासाठी वेगळी वही घेऊ नकोस, घेतलेली वही कपाटात जाते. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचं लिहितेस ना, त्याच चौकटीत लाकडाचे पैसे आणि लागलेले तास लिहीत जा. महिना संपला की पान फाडायच्या आधी बेरीज.

काकूंना आजच भाव कळव. फोनवर नको, समोरासमोरही नको, तुझी जीभ घसरेल. माप, लाकूड, ५,००० रुपये आणि निम्मे आगाऊ, एवढं लिहून पाठव आणि फोन उलटा ठेव. त्या नाही म्हणाल्या तर चौरंग तुझ्या देवघरात शोभेल. आणि हो म्हणाल्या, तर तो करताना अडलेलं ज्यांना विचारलंस त्या मिस्त्रीकाकांना तयार चौरंग दाखवून मगच खाली नेऊन दे.